भिंतीवरचा डोह

१९७३ च्या चैत्रात मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर शाळा चालवत होतो. एकच खोली, सत्तावीस मुलं. शाळेत नकाशा नव्हता, म्हणून भूगोलासाठी मी रुपाबाईंचं गाणं घेतलं.

रुपाबाई सत्तरीच्या. त्यांच्या लहानपणी तांड्यातले लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून दक्षिणेला जायचे. चालताना बायका वाटेचं गाणं म्हणत, एका कडव्यात एक मुक्काम. तीन चिंचांखाली बैल सोडा. काळा खडक डाव्या हाताला ठेवा. पैनगंगा उतरून हरभऱ्याचे घाटे खुडत चला. पुढे रानात निळा डोह, त्याचा तळ कोणी पाहिला नाही. असे सहा मुक्काम. मुलांनी रुपाबाईंना विचारून विचारून ते गेरूने शाळेच्या भिंतीवर काढले आणि प्रत्येकाखाली त्याचं कडवं लिहिलं. पहिल्या दोन मुक्कामांपर्यंत मी मुलांना पायी घेऊन गेलो. चिंचा होत्या, खडकही होता. मुलं इतकी हरखली की परतायला तयार होईनात.

गावोगाव विहिरी आटल्या होत्या. रुपाबाईंच्या मुलाकडे, सोमलाकडे, नऊ गाई होत्या. कडबा संपला होता. गुरांची छावणी उघडणार असं ऐकू येत होतं, पण कधी ते कोणी सांगत नव्हतं. एक दिवस सोमला आपल्या मुलीला, चंदाला न्यायला आला आणि भिंतीपाशी थांबला. त्याला वाचता येत नव्हतं. चंदाने बोट ठेवून सगळे मुक्काम वाचून दाखवले.

"हा डोह खराच हाये का, गुरुजी?"

"पहिले दोन मुक्काम तर तंतोतंत निघाले," मी म्हणालो. "पुढचे खोटे कशाला असतील?"

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गाई घेऊन निघाला. रुपाबाई काठी घेऊन पुढे उभ्या होत्या.

"माय, तू घरी राह्य. तुह्यानं चालनं होते का?"

"मंग गानं कोन म्हनीन? तुह्या गाई?"

"लहानपनी तू बैलावर बसून गेलती. चालला तो बैल."

"बैल मेला. मी हावो अजून."

सगळे हसले. मुलं चिंचांपर्यंत गात गेली.

सतराव्या दिवशी ते परतले. दोन गाई होत्या. कोणाच्या तरी बैलगाडीत रुपाबाई आडव्या पडल्या होत्या. छावणी त्याआधीच उघडली होती, ते निघाल्यावर आठ दिवसांनी.

मी त्यांच्या घरी गेलो. सोमला बाहेर गाईंपाशी बसून होता. रुपाबाईच सांगत होत्या. सगळे मुक्काम जागच्या जागी होते. पैनगंगेत वाळू होती. हातभर उकरलं की वाटीभर पाणी लागायचं, ते माणसांपुरतं. दोन गाई तिथेच बसल्या. उरलेल्या सातांना डोहापर्यंत हाकलत नेलं. डोह म्हणजे भेगाळलेला चिखल होता, काठावर हाडं पडलेली. तिथे पाच गेल्या.

"आमी संकरातीले निंघत होतो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "होळीच्या आंधी घरी. चैतात त्या वाटेनं कोनी गेलं नाई. मले तं ठावं होतं, पन ध्यानातच आलं नाई. गान्यात महिना कोन घालते?"

महिना गाण्यात होता. घाटे हिवाळ्यात लागतात. मी शेतकऱ्याचा मुलगा, किन्हीराजात वाढलेला. ते कडवं मी मुलांकडून वीस वेळा तरी म्हणवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर सोमला दारात आला. मी त्याला आत बोलावलं. तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

"मायचं गानं मी जनमभर आयकलं," तो म्हणाला. "त्याच्यावर मी कदी घर सोडलं नाई. तुमी भितीवर काढलं, म्हनून गेलो."

"माझं चुकलं, सोमला."

"चुकलं तं पुसा ते. अजून कोनी पाह्यन."

पुसायला पाणी नव्हतं. मी खराटा घेतला आणि मुलांसमोर भिंत घासू लागलो. गेरूची धूळ अंगावर पडत होती. भिंत पूर्ण पुसून होईपर्यंत सोमला थांबला. मग सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला.

मी मुलांकडे वळलो. हरभऱ्याच्या घाट्यांचं कडवं म्हणा, असं सांगितलं आणि विचारलं, हे कोणत्या महिन्यातलं असेल? चंदा खाली पाहत होती. मी पुन्हा विचारलं.