शाईखाली गेलेले वाक्य

मित्रांनो, मी नाटकाची एक जुनी वही आहे, पण माझ्या अंगावर जे लिहिले आहे त्यातले निम्मेअधिक माझे नव्हे. मोन्तेविदेओ शहरातल्या एका नाटकघरात, केसांच्या टोपांच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर मी पडून असते. झुरळे माझा डिंक खातात. खाऊ देत बापडी! आता माझ्यात जपण्यासारखे उरले आहे तरी काय?

माझा जन्म १९३७ सालचा. इर्मगार्ड झेलिग, म्हणजे आमच्या इर्माबाई, यांनी मला टाइप केले. त्यांचा भाऊ आन्सेल्म जर्मनीत राहत असे. त्याने जन्मात एकच नाटक लिहिले, तेही विनोदी. एक चिक्कू घड्याळजी मरायला टेकल्याचे सोंग घेतो आणि अख्खे गाव त्याच्यासाठी सूप घेऊन येते, अशी गोष्ट. तिकडे त्यावर बंदी आली, म्हणून बाईंनी ते इथे स्पॅनिशमध्ये आणले. भावाजवळ दुसरी प्रत नव्हती. त्याने मागितले म्हणून मूळ हस्तलिखित त्यांनी टपालाने परत पाठवले, आणि तिथेच घात झाला. पुढे युद्धात भाऊ गेला, घर गेले, कागद गेले. त्याचे जे काही उरले, ते फक्त माझ्यात.

पहिल्या प्रयोगाला दोन अंक लोक पोट धरून हसले. तिसऱ्या अंकाच्या शेवटी घड्याळजी अंथरुणात उठून बसतो आणि एकच वाक्य बोलतो. त्या वाक्याला सारे नाटकघर चिडीचूप झाले. घड्याळजीचे काम करणारे डॉन एवारिस्तो ('डॉन' म्हणजे आपले 'राव') कंपनीचे मालकही होते. पडदा पडताच ते कडाडले, "विनोदी नाटकात लोक गप्प? हे नाटकघर आहे का मसण?"

"अहो, तिथं त्यांनी गप्पच व्हायचंय," इर्माबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे होत असतील, सेन्योरा. आमच्या लोकांनी तिकीट हसायला काढलंय!"

तिसऱ्या प्रयोगानंतर त्यांनी दौत पुढे ओढली. प्रॉम्प्टर कासिल्दाबाई हळूच म्हणाल्या, "पेन्सिल देऊ का?"

"पेन्सिल भित्र्यांसाठी!" म्हणत त्यांनी ते वाक्य जाड निबाने असे गिरगटून खोडले की माझा कागद फाटायचा राहिला. इर्माबाई त्याच आठवड्यात रागाने पायसांदू गावी निघून गेल्या आणि तिथे मुलांना पियानो शिकवू लागल्या.

मग माझे सुगीचे दिवस आले. बर्फाच्या जागी इथला पाम्पेरो वारा आला, बटाट्याच्या सुपाच्या जागी इथला मटणाचा रस्सा, पुचेरो, आला. साल्तो गावी भर प्रयोगात डॉन एवारिस्तोंचे पोट गुरगुरले. ते सावरायला त्यांनी पदरचे वाक्य ठोकून दिले, "अख्खं गाव माझ्या मरणाची वाट बघतंय, आणि मी जेवणाची!" टाळ्या थांबेनात. तेही माझ्यात घुसले. असे प्रयोग चारशेच्या वर झाले. जाहिरातीत आन्सेल्मचे नाव आधी बारीक झाले, मग दिसेनासे झाले. खोटे कशाला बोलू, टाळ्या ऐकून मलाही बरे वाटे. पाने झिजली तेव्हा कासिल्दाबाईंनी ती नव्याने टाइप केली. आन्सेल्मचे आणि पदरचे, सगळे एकाच टाइपात. शेवटचे काळे पान तेवढे जुनेच राहिले.

१९५३ साली इर्माबाई परत आल्या. केस पांढरे झाले होते. जर्मनीतल्या एका छोट्या नाटकमंडळीने पत्र पाठवले होते, 'तुमच्या भावाचे नाटक करायचे आहे, कुठे मिळेल?' बाई माझ्यावरून ते पुन्हा जर्मनमध्ये नेणार होत्या. त्यांनी शेवटचे पान उघडले. तो काळा डाग त्यांनी नखाने खरवडला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"कासिल्दा, तुला आठवतं का गं?"

"ते वाक्य तीनच प्रयोगांत बोललं गेलं हो. तुम्ही तर स्वतः ते स्पॅनिशमध्ये आणलंत ना?"

"भाव आठवतो. शब्द नाही आठवत. आणि भाव काय, कुणाचाही असतो. शब्द माझ्या भावाचे होते."

बाई खूप रडल्या. मग मागची पाने चाळता चाळता एकदम थांबल्या. "अगंबाई! 'अख्खं गाव माझ्या मरणाची वाट बघतंय...' हा माझा आन्सेल्म! अस्साच बोलायचा तो, अगदी अस्सा!" त्या रडता रडता हसू लागल्या.

साल्तोचा तो प्रयोग कासिल्दाबाईंना चांगला आठवत होता. तरी त्या म्हणाल्या, "हो बाई. त्यांचंच ते."

बाईंनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतले. तिकडे जर्मनीत आता तेच आन्सेल्मचे म्हणून बोलतात आणि लोक हसतात. मी ओरडून सांगणार होते, पण वहीला कुठले तोंड?

शाईखाली काय आहे ते या जगात फक्त मला ठाऊक आहे. घड्याळजी म्हणतो, "दुखत काहीच नव्हतं हो. कुणीतरी एकदा माझं दार वाजवावं, एवढंच वाटत होतं."

मित्रांनो, दुसऱ्याचे लिहिलेले खोडायची वेळ आलीच, तर पेन्सिलीने खोडा. त्याची बहीण कधीतरी ते शोधत येईल.