टोनची वाट न बघता

मोंगूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नासिलेले मुकेलाबाई बावीस वर्षं ऑपरेटर होत्या. सगळं गाव त्यांना आदरानं ‘बो नासिलेले’ म्हणायचं. राजधानी लुसाकाहून फोन आला की बोर्डात प्लग घालून दोन टोकं जोडायची, हे त्यांचं काम. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला मुलगी झाली, हे सर्वांत आधी त्यांच्या कानावर यायचं आणि तिथंच राहायचं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि त्या आमच्या शिक्षक कॉलेजच्या ग्रंथालयात टायपिस्ट म्हणून आल्या. मी तिथे कम्प्युटर सांभाळायचो.

२००३ मध्ये मी एक कम्प्युटर भंगारात काढला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि बाकी तो धडधाकट होता, पण फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मोडेम चालत नव्हता. तसले मोडेम म्हणजे नुसतं नावाला यंत्र. लाइनवरचा आवाज ओळखायचं खरं काम एका प्रोग्रामनं करायचं, आणि तो प्रोग्राम कंपनीने फक्त विंडोजसाठी लिहिलेला. लिनक्सवर मोडेम मुका आणि बहिरा.

“सिताली, मला देशील तो?” बो नासिलेलेंनी विचारलं.

“कशाला? त्यावर इंटरनेट लागणार नाही.”

“घरी फोनची लाइन आहे. नुसती पडून असते.”

“कुणाचा फोन येत नाही?”

“मागच्या वर्षी आला होता. राँग नंबर.”

त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. हातगाडीवर टाकून कम्प्युटर त्यांच्या घरी पोचवला. दोन खोल्या, एक खुर्ची. दुसरी मी शेजारून मागून आणली.

दर बुधवारी प्राचार्यांच्या खोलीतलं इंटरनेट तासभर आम्हाला मिळायचं. लिनक्सवर असले मोडेम चालवू पाहणाऱ्यांची ई-मेलवरची एक मेलिंग लिस्ट होती, तिथे बो नासिलेलेंनी मोडेममधल्या चिपचा नंबर लिहून विचारलं. पुढच्या बुधवारी एकच उत्तर होतं. नामिबियातल्या कीटमान्सहूपचे योहानेस गाओसेब. रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. लिस्टवर तीच चिप असलेला दुसरा माणूस नव्हता. त्यांनी ड्रायव्हर, म्हणजे मोडेम चालवणारा प्रोग्राम, पाठवला आणि बजावलं, “बाई, हा तुमच्या लिनक्सच्या त्याच आवृत्तीवर चालेल. नवीन आवृत्ती घेण्याच्या मोहात पडू नका.”

बो नासिलेले फ्लॉपीवर ड्रायव्हर घेऊन घरी गेल्या. चार बुधवार ही ये-जा चालली. ड्रायव्हर बसला, मोडेम जागा झाला, पण दर वेळी पडद्यावर तेच: डायल टोन नाही.

“लाइन गेली असेल,” मी म्हणालो.

“लाइन मला शिकवतोस?” त्यांनी रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. टोन होता. “ऐक. आपल्या एक्स्चेंजचा टोन खालच्या पट्टीत आहे, आणि मध्येच तुटतो. बावीस वर्षं असाच आहे. हा मोडेम परदेशातल्या टोनची वाट बघत बसलाय. आपला त्याला टोनच वाटत नाही.”

त्यांनी तसं गाओसेबना लिहिलं. उत्तर आलं, “तुमचं बरोबर असावं. ज्याला ऐकू येत नाही, त्याला ऐकायला लावू नका. नंबराआधी एक्स-तीन द्या, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर फिरवेल.”

आणि लागला. शनिवारी दुपारी, विजेनं साथ दिली तेव्हा. पडद्यावर ‘जोडले गेले’ अशा अर्थाची ओळ आली आणि बो नासिलेले उठून परसात गेल्या. बऱ्याच वेळानं चेहरा धुऊन परत आल्या.

तेव्हापासून त्यांचा कम्प्युटर सकाळ-संध्याकाळ जोडलेला असायचा. इंटरनेटचा नंबर गावातलाच होता आणि एक्स्चेंजच्या जुन्या माणसांना गावातले कॉल मोफत होते. लिस्टवर कुणीही अडलं की त्या उत्तर द्यायच्या. गाओसेबशी रोज ई-मेलवर पत्र. त्यात काय लिहिता, असं मी एकदा विचारलं. “ड्रायव्हरचं,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय लिहायचं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.”

पावसाळ्याआधी गाओसेबचं एक वेगळं पत्र आलं. बो नासिलेलेंनी मला ते दाखवलं. “तुमचा नंबर टेलिफोन चौकशीतून मिळवला. दोन आठवडे फोन करतोय. सदा गुंतलेला असतो. बरं वाटलं. घरात पुष्कळ माणसं असावीत.”

लाइन अडवायचा तो त्यांचा कम्प्युटरच. बो नासिलेलेंनी लगेच लिहिलं: रविवारी चार वाजता लाइन मोकळी ठेवते.

त्या रविवारी मी नेमका फ्लॉपी परत द्यायला गेलो होतो. त्यांनी चर्चला जायचा पोशाख घातला होता आणि फोन खुर्चीजवळ ओढून घेतला होता. “बस, पण बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. सव्वाचारला घंटा वाजली.

“हॅलो. हो, मीच... हो. चालतो, नीट चालतो... तुमचा?... अच्छा.” त्या रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. “लाइन आज स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. मग वायरीचा पीळ सोडवला. “हो. हो, तुम्हीपण. ठेवते.”

तीन मिनिटंही झाली नसतील.

“काय म्हणाले?”

“काही नाही. फार हळू बोलतात. घरात दुसरा आवाज नव्हता. मागे एक घड्याळ होतं, तेवढंच.” फोन जागेवर सारत म्हणाल्या, “बावीस वर्षं मी लोकांना जोडून बाजूला झाले, सिताली. जोडल्यावर काय बोलतात ते ऐकलं खूप. मला बोलता येत नाही.”

मी चहा प्यालो आणि निघालो. चालता चालता लक्षात आलं, इतक्या वर्षांत मीही त्यांना कधी फोन केला नव्हता.

त्यांनी पुन्हा एकमेकांना फोन केला नाही. पत्रं चालू राहिली. नवीन लिनक्स आलं की गाओसेब ड्रायव्हर दुरुस्त करून पाठवायचे, त्या ‘चालला’ असं कळवायच्या. २००८ पर्यंत लोकांकडे मोबाइलवरचं इंटरनेट आलं आणि लिस्टवर विचारायला कुणी उरलं नाही. ते दोघंच एकमेकांना उत्तरं देत राहिले.