रविवारी चार वाजता

ताईच्या शिवणवर्गाची वेबसाइट ती केवढी! मूठभर धडे, थोडे फोटो आणि शिकायला येणाऱ्यांनी आपली वेळ धरून ठेवायचं एक कॅलेंडर. बस्स. पण मुंगळा सकाळपासून चरतोय चरतोय आणि त्याचं पोट काही भरत नव्हतं.

मुंगळा म्हणजे वाचनालयाच्या डिजिटल विभागातला प्रोग्राम. साइटवरची एकेक लिंक उघडायची, त्या पानाची प्रत काढायची आणि संग्रहात टाकायची, एवढंच त्याचं काम. एकदा चिकटला की सोडत नाही, म्हणून हे नाव. ते ठेवलं होतं विभाग सांभाळणाऱ्या बाईंनीच. आज त्याच बाई पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. तिला जाऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळी भावजींचा फोन आला, "अगं, हिची साइट आज संध्याकाळी बंद होतेय. मीच कंपनीला सांगून ठेवलं होतं. तुला काही हवं असेल तर बघ."

हवं असेल तर म्हणे! त्या धड्यांत ताईचा आवाज होता. कॉलर बसवताना मध्येच "अगं बायांनो, घाई कशाला, कापड कुठे पळून जातंय?" म्हणणारा. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

आणि इथे हजारो पानं गोळा झाली, त्यात एक धडा असेल तर शपथ! बाईंना वाटलं, आपण भलत्याच कुणाची साइट लावली. त्यांनी पत्ता पुन्हा पुन्हा तपासला, तो बरोबर होता. मग वाटलं, यंत्र बिघडलं. ते धडधाकट होतं. मग बिघडलंय कोण, मीच का? शेवटी त्यांनी शेजारच्या खोलीतून इंजिनियरला हाक मारली.

तो आला, वाकून बघितलं आणि हसला. "अहो, हा कॅलेंडरात घुसलाय. 'पुढचा महिना' अशी लिंक दिसली की उघडतो. तिथे पुन्हा 'पुढचा महिना'. पुढचा महिना कधी संपलाय का? धडे बिचारे मागे रांगेत उभे आहेत."

"पण रिकामी पानं दिसली की थांब, असं आपणच शिकवलंय ना त्याला?"

"रिकामी असती तर थांबला असता."

बाईंना काही उमगेना. वर्ग बंद, शिकवणारी गेली, मग पुढच्या महिन्यांत लिहिलंय काय? त्यांनी गोळा झालेलं एक पान उघडलं. दोनशे वर्षांनंतरचा महिना. सगळे वार कोरे, फक्त प्रत्येक रविवारी चार वाजता एक ओळ. 'राखीव – ठकी.'

"कोण हो ही ठकी?" इंजिनियर म्हणाला. "दोनशे वर्षांनी कुठला फ्रॉक शिवायचाय हिला?"

ठकी म्हणजे बाई स्वतःच. त्यांना त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं. दर रविवारी चारला ताईचा फोन यायचा. "आज बरी आठवण झाली?" असं ठकीने चिडवलं की ताई म्हणायची, "अगं, सहज केला. हात रिकामे होते."

कसले रिकामे! सुट्टीची दुपार, सगळ्या जणींना वर्गाला हवी असणारी वेळ. तीच ताईने अडवून ठेवली होती आणि 'कधीपर्यंत' हा रकाना भरलाच नव्हता. डोळे भरून आले आणि पडदा दिसेना. अगं लबाडे, सहज काय?

"बाई, वेळ जातोय. कॅलेंडर वगळू का?"

"वगळा," त्या म्हणाल्या. म्हणताना जिवावर आलं.

मुंगळा कॅलेंडरातून सुटला आणि धड्यांवर तुटून पडला. साइट बंद व्हायच्या थोडं आधी शेवटचा धडा आत आला. बाईंनी तो लावून बघितला. "घाई कशाला," ताई म्हणाली.

इंजिनियरने घसा साफ केला. त्यालाही एव्हाना कळलं असावं. "नमुना म्हणून कॅलेंडरचा एक महिना ठेवतोच आपण. कुठला ठेवू? ताई होत्या तेव्हाचा?"

"नको, पुढचा ठेवा," बाई म्हणाल्या. "रविवारी चारला मी घरीच असते."