रिकामा रकाना

यशोधराने तिसरा रकाना रिकामाच ठेवला आणि बटण दाबलं. प्रोग्राम अडला नाही.

कराचे नियम बदलले तर कुणावर किती भार पडेल, याचा अंदाज देणारं ते सॉफ्टवेअर होतं. वापरणाऱ्याने चुकीचे पर्याय भरले तर सॉफ्टवेअरने त्याला तिथेच थांबवायला हवं. ते थांबवतं का, हे तपासणं तिचं काम. कराचा दर तिने उणे टाकून पाहिला, शेवटचं वर्ष पहिल्याच्या आधीचं टाकून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने नीट हटकलं. पण ‘महिलांच्या नावावरच्या घरांना सवलत: चालू की बंद’ हा रकाना मोकळा राहिला, की ते मुकाट्याने ‘बंद’ धरून पुढे जात होतं.

तिने पुण्याला तिच्या वरिष्ठांना, अमरसिंहना, फोन लावला.

“सर, न निवडलेलं निवडलं म्हणून धरतंय. इथे थांबून विचारायला हवं.”

“यशोधरा, दर वेळी विचारत बसलं तर लोक वैतागतात. काही भरलं नाही म्हणजे चालतंय, असं धरायचं.”

“पण काय धरलंय ते त्यांना कळणारच नाही.”

“राहू दे म्हटलं ना.”

दार ढकलून तिची आई, सिंधुबाई, आत आली.

“मिटव गं ते आता. धारूरची माणसं आलीत तुला बघायला. आन लई बोलू नको, इचारलं तेवढंच सांग.”

परळीच्या वीजकेंद्राची राख खिडकीच्या फटीतून येऊन लॅपटॉपवर बसली होती. ती पदराने पुसून यशोधराने झाकण लावलं.

बाहेर सत्यशीलाबाई आणि त्यांचा मुलगा संजय बसले होते. जयभीम घालून ती आईजवळ टेकली. तिचे वडील निवृत्ती सगळं ठरल्यासारखं बोलत होते.

“घरूनच काम करती. लग्नानंतर सोडंल. त्याची काय अडचण न्हाई.”

यशोधराने त्यांच्याकडे पाहिलं. हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“पोरीला एकदा इचारा की, भाऊ,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.

“त्यात काय इचारायचं? गप हाय म्हंजी पसंत हाय. एम. एस्सी. झालेली पोरगी, न्हाई म्हणायचं असतं तर आमाला बसू दिलं असतं का?”

सगळे हसले. संजयही हसला.

यशोधराने मांडीवर गुंतवलेली बोटं सोडवली.

“मला काम सोडायचं नाही,” ती म्हणाली. “आणि लग्नाला मी अजून हो म्हटलेलं नाही.”

संजयचा कप बशीवर टेकला. सिंधुबाईचा हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच घट्ट राहिला.

“लाजती,” निवृत्ती म्हणाले.

“लाजणारच की. मला बघायला आलते तवा मी तर रडलते,” सत्यशीलाबाई पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत म्हणाल्या. “तरी झालंच ना सगळं नीट?”

त्या उठून जवळ आल्या. त्यांच्या अंगाला ताज्या साबणाचा वास होता. त्यांनी एका हाताने तिची हनुवटी धरली, मायेने धरावी तशीच.

“घे माय. आ कर.”

पेढा ओठांना टेकला. यशोधराला मघाचंच पुन्हा सांगायचं होतं, या वेळी मोठ्याने. त्यासाठी तोंड उघडावं लागणार होतं.