टाक्याची जागा

धोंडीबाईने तेलाची वाटी निखाऱ्यावरून उतरवली, तळहात ओले केले आणि सुनेच्या पदराखाली हात घातला. कुणालीला दुसऱ्या खेपेचे दिवस गेले होते, जेमतेम दोन महिने, आणि सकाळपासून रक्ताचे डाग दिसत होते. अशा वेळी पोट चोळून गर्भ जागेवर बसवायचा, ही धोंडीबाईची सासूकडून आलेली रीत. निम्म्या टोकावडे गावाला सुईण म्हणून तिनेच या जगात आणलं होतं, आणि त्याचा तिला तोराही भारी होता.

"मावशी, हात काढा!" गावची आशाताई रुचिता दारातूनच ओरडली. "पहिलं बाळंतपण नॉर्मलच झालेलं ना? कार्डावर तसंच लिवलंय."

कुणालीने सासूकडे पाहिलं. तसं लिहायला धोंडीबाईनेच लावलं होतं. पहिलटकरीण म्हणून कुणाली माहेरी शहापूरला गेली, तिथे तिचं पोट चिरावं लागलं. सुइणीच्या सुनेचं सिझर! लोक काय म्हणतील, या धास्तीने म्हातारीने गावात चक्क थाप मारली, आणि सून बिचारी चार वर्षं ती थाप सांभाळत आली.

बोटांना टाक्याचा वण लागला. धोंडीबाईने हात मागे घेतला.

"सिझर झालेलं," ती म्हणाली. "मीच खोटं बोलले गो."

रुचिताने तिला एका शब्दाने टोचलं नाही. तिने लगेच गाडी बोलावली.

दुपारी मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गर्भपिशवी काढून दाखवली.

"गर्भ जुन्या टाक्याच्या जागी रुजलाय. तिथे पिशवीची भिंत अगदी पातळ असते. वाढू दिला तर पिशवी फाटू शकते, आणि मग रक्त थांबवणं कठीण होतं. आज काढला तर कुणालीला धोका कमी, पिशवीही बहुतेक वाचेल. पुढे मूल होऊ शकतं. पोट चोळलं नाहीत, हे फार बरं केलंत."

आसनगावच्या कंपनीतून धावत आलेला कुणालीचा नवरा अनिल भिंतीला टेकून उभा होता.

"ठोके हायेत का त्याचे?" कुणालीने विचारलं.

"आहेत."

"मंग मी सही कशी करू?" तिने सासूचं मनगट धरलं. "आई, तुमी बोला. तुमी बोललात तर घरी जाऊ. तुमच्या हातावर माझा भरवसा हाय."

डॉक्टरपेक्षा आपल्यावर कुणी भरवसा टाकावा, याची धोंडीबाईने आयुष्यभर वाट पाहिली होती. आज तो पुढ्यात आला, पण नको त्या वेळी. तिने सुनेच्या पोटावर हात ठेवला, जरासुद्धा दाब न देता.

"बाला," ती पोटातल्या जिवाला हलकेच म्हणाली, "आजवर मी सगल्यांना ये ये बोलले. नको येऊ, असं कुणालाच बोलले नाय. तुला बोलते. तू जा. तुझ्या आयशीने नाय पाठवलं तुला, मी पाठवलं. राग धरायचा तो माझ्यावर धर."

कुणाली सासूच्या कुशीत तोंड खुपसून पोटभर रडली. धोंडीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, घाई न करता.

मग कुणालीने नाक पुसलं आणि डॉक्टरीणबाईंकडे हात पुढे केला.

"कुठं करू सही?"