काठी-आकडे वाचणारी बाई

पाणीखात्याच्या दप्तरखान्यातल्या नकाशेबाईंना सलग चार दिवस रजा म्हणून कधी मिळाली नव्हती. कारण काय, तर जमिनीखालच्या जुन्या नळांचे सगळे नकाशे काठी-आकड्यांत लिहिलेले. एक उभी काठी, तिच्या चार कोपऱ्यांना फाटे: वर उजवीकडे एकं, डावीकडे दहं, खाली उजवीकडे शतं, डावीकडे हजार. एका चिन्हात अख्खी संख्या! जुन्या लोकांची अक्कल अफाट, पण ते मेले सुटले आणि बाई अडकल्या.

कोणालाही वाचता यावं म्हणून साहेबांनी एकदा या आकड्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. खोदणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला, सातशेचे सत्तर वाचले, भलतीकडेच पहार घातली आणि निम्मा बाजार पाण्यात बुडवला. लेखणी टेकली तिथे रेघ जाड, तीच वरची बाजू. पण पुसट शाईत ते ओळखायला नजर लागते. ती एकट्या बाईंकडे. रजा मागितली की साहेबांचं पालुपद ठरलेलं: "तुम्ही गेलात तर वाचणार कोण?"

आता मात्र लेकीला आठवा महिना लागलेला. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि पाण्याचा पेला द्यायलाही तिच्याजवळ कोणी नाही. बाईंनी साहेबांना ठणकावलं, "माणूस द्या, मी तयार करते."

बदलीवर आलेला एक कारकून मिळाला. पठ्ठ्या हुशार निघाला. तीन आठवड्यांत पुसटातलं पुसट चिन्ह घडाघडा वाचू लागला. बाईंनी बॅग भरली. 'याला येतं' एवढं लिहून सही केली की सुटका.

शेवटच्या दिवशी त्याने दहाच्या दहा संख्या बरोबर वाचल्या आणि दार लोटून घेतलं.

"बाई, पाया पडतो, नापास करा मला. बायको-पोरं तिकडे गावी आहेत, परत जायचा अर्ज मंजूर व्हायला आलाय. हे येतं म्हटल्यावर साहेब मला सोडायचे नाहीत."

"मग आधी नाही का बोलायचं रे?"

"शिकताना मजा वाटली हो. आणि तुम्ही इतक्या मायेनं शिकवत होतात."

त्याचं काय होणार, हे बाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? स्वतःची लाज वाटली. पण लेक एकटी होती. त्यांनी लिहिलं, सही केली, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आल्या.

तो तसाच बसला होता. "मला माणूस कधी देतील?"

"मला एकवीस वर्षांनी दिला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बॅग उचलली.