अपूर्णांकांसाठी पूरक वही

मुलांचं खरं शिक्षण घरीच होतं, असं बबडीची आई गेली दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होती. आता शुक्रवारी शिक्षण खात्याचे तपासनीस परीक्षा घ्यायला येणार होते आणि बबडीला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. ती नापास झाली, तर तिला परत त्याच शाळेत घालावं लागणार होतं, जिथे तिने वर्षभर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

घरचं मुख्य पुस्तक कमकुवत, म्हणून आईने पूरक साहित्य निवडायचा सपाटा लावला. सहा सराववह्या आणल्या, दोन ॲप उतरवून घेतली. भलतंच काही लेकीच्या माथी मारायला नको, म्हणून प्रत्येक वही आधी स्वतः सोडवून पाहिली. एकीतली गणितं फार सोपी निघाली, दुसरीतली चित्रं बाळबोध.

"अगं, आज बुधवार," नवरा काकुळतीला येऊन म्हणाला. "त्यातली एखादी पोरीला दे की!"

"आणि ती चुकीची निघाली तर? तू माझं डोकं खाऊ नकोस."

गुरुवारी संध्याकाळी एक वही अखेर पसंत पडली. ती शेवटच्या पानापर्यंत पेनाने सोडवून झाली होती.

शुक्रवारी तपासनीसांनी विचारलं, "तीन छेद चार अधिक एक छेद आठ?"

बबडीने आईकडे पाहिलं.

"सात छेद आठ," आईच्या तोंडून निघून गेलं.

"बरोबर आहे, बाई," तपासनीस म्हणाले. "पण परीक्षा तुमची नाही."

सोमवारी शाळा साडेसातला भरली.